जिथे मेरिट लिस्ट लागत नाही

अमेरिकेतल्या पदवी प्रवेशांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा या अंकात घेतली आहेत. बहुतेकांचा सूर एकच आहे: ‘तिथे आता कुणालाच घेत नाहीत म्हणे!’ घेतात. पण सगळे अर्जदार एका रांगेत उभे नसतात आणि कुठली रांग कुणाची, याचा फलक कुणी लावत नाही. उत्तरं त्या रांगांविषयीच आहेत.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. हार्वर्ड शंभरातल्या चौघांनासुद्धा घेत नाही असं वाचलं. पूर्वी इतकं अवघड नव्हतं म्हणतात. मुलं जास्त हुशार झाली की जागा कमी झाल्या? — एक पालक, नाशिक

दोन्ही नाही. जागा होत्या तेवढ्याच आहेत, अर्ज तिप्पट झाले. हार्वर्ड पहिल्या वर्षाला साधारण साडेसोळाशे मुलं घेतं आणि तीस वर्षांपूर्वीही आकडा याच घरातला होता. तेव्हा अर्ज यायचे १८ हजारांच्या आसपास. २०२४ मध्ये आले ५४,००८ आणि होकार गेला १,९३७ जणांना, म्हणजे ३.५९ टक्के. येलने तर जागा वाढवूनही पाहिल्या. २०१७ मध्ये दोन नवी निवासी कॉलेजं उघडून पदवीच्या जागा सुमारे १५ टक्क्यांनी वाढवल्या. त्या वर्षी येलचा प्रवेशाचा टक्का ६.९ होता. २०२४ मध्ये तो ३.७ वर आला, कारण मधल्या सात वर्षांत अर्ज ३३ हजारांवरून ५७ हजारांवर गेले.

हे अर्ज आले कुठून? कॉमन ॲप हा सामाईक अर्ज १९७५ मध्ये १५ कॉलेजांनी मिळून सुरू केला. आज त्यात हजाराहून जास्त कॉलेजं आहेत आणि एका खात्यातून २० कॉलेजांना अर्ज करता येतो. ६५० शब्दांपर्यंतचा मुख्य निबंध एकदाच लिहायचा. पुढचं प्रत्येक कॉलेज म्हणजे थोडे छोटे निबंध आणि नामांकित ठिकाणी बहुधा ७५ ते १०० डॉलर फी. २०२० मध्ये कोविडमुळे बहुतेक ठिकाणी एसएटी ही प्रवेशासाठीची परीक्षा ऐच्छिक झाली, तेव्हा गुण बघून जे थांबले असते तेही रांगेत आले. कॉलेजांनाही गर्दी हवीच होती. यू. एस. न्यूज या नियतकालिकाच्या कॉलेज-क्रमवारीत २०१८ पर्यंत प्रवेशाचा टक्का मोजला जायचा, म्हणजे जितक्यांना नकार द्याल तितकं वर सरकाल. (क्रमवारीला पुरवलेले आकडे किती खरे असतात, तेही कळलं. २०२२ मध्ये कोलंबियाच्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने आपल्या विद्यापीठाचे आकडे तपासले. विद्यापीठाला चुका मान्य कराव्या लागल्या आणि ते दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरलं.) टक्का खाली आला की मुलं घाबरून आणखी चार अर्ज टाकतात, त्यामुळे टक्का अजून खाली येतो. एकच मुलगी पंधरा कॉलेजांच्या आकड्यांत पंधरा वेळा मोजली जाते.

ही सगळी झुंबड मूठभर दारांशीच आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०१७ च्या प्रवेशांचे आकडे पाहिले, तेव्हा चार वर्षांची पदवी देणाऱ्या १,३६४ कॉलेजांपैकी दहा टक्क्यांहून कमी अर्जदार घेणारी फक्त १७ निघाली. निम्म्याहून जास्त कॉलेजं दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक अर्जदारांना घेत होती. अर्थतज्ज्ञ कॅरोलिन हॉक्स्बी यांनी २००९ मध्ये याहून लांबचा हिशेब मांडला होता: १९६२ पासून वरच्या दहा टक्के कॉलेजांतला प्रवेशच खऱ्या अर्थाने कठीण झाला, निम्म्या कॉलेजांत तो उलट सोपा झाला.

तुमच्या मुलीसाठी मात्र ३.५९ हा आकडा आहे त्याहून कडकच धरा. परदेशी अर्जदारांची रांग बहुतेक ठिकाणी जास्त लांब असते. एमआयटीत त्यांचा टक्का दोनच्या आसपास असतो. म्हणून यादी दहा-बारा नावांची करा. त्यात अशी अतिनिवडक दोन-तीन, वीस ते पन्नास टक्के घेणारी चार-पाच आणि बहुतेकांना घेणारी व तुम्हाला खरोखर परवडणारी निदान तीन. यादी नेहमी खालून वर भरत जा. वरची तीन नावं कुणालाही सुचतात, चुकतात ती खालची तीन.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मुलगा इथेच जन्मला. २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर भारतीय मुलांना सोपं झालं का? आणि ‘लेगसी’चा, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या सवलतीचा, खरंच किती फरक पडतो? — एक वाचक

हार्वर्डविरुद्धच्या खटल्यातल्या २९ जून २०२३ च्या निकालाने एवढंच केलं की अर्जात वंशाचा रकाना बघून निर्णय घेता येत नाही. मुलाने निबंधात स्वतःचा अनुभव म्हणून काही लिहिलं तर ते वाचायला मनाई नाही. ‘सोपं झालं’ म्हणण्यासारखं त्यातून काही निघत नाही, कारण मोठ्या सवलती वंशाच्या रकान्यात नव्हत्याच.

त्या कुठे होत्या, ते याच खटल्यात हार्वर्डला आपली कागदपत्रं उघडावी लागली म्हणून कळलं. सहा वर्षांच्या प्रवेशांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना होकार मिळण्याचं प्रमाण ३३.६ टक्के होतं, बाकीच्यांचं ५.९. प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंचं ८६ टक्के. अभ्यासकांनी मोजलं तेव्हा प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्के खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं किंवा डीनच्या खास यादीतली होती. देणगीदारांची मुलं बहुतेक या शेवटच्या यादीत येतात. आशियाई मुलांत हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आत. २०२३ मध्येच राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी दाखवलं की एसएटीचे गुण सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना हार्वर्डसारख्या बारा अतिनिवडक कॉलेजांत प्रवेश मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त असते. कारणं तीन: लेगसी, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारे गुण. खेळ म्हणजे इथे नौकावहन, तलवारबाजी, स्क्वॉशसुद्धा. मोहल्ल्यातल्या मैदानावर हे शिकता येत नाहीत.

‘मुलाचं सगळं व्यक्तिमत्त्व पाहतो’ ही पद्धतही निरागसपणे जन्मलेली नाही. १९२२ मध्ये हार्वर्डच्या पहिल्या वर्षात ज्यू मुलं २१ टक्क्यांवर गेली, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांना त्यांच्यावर मर्यादा हवी होती. उघड कोटा प्राध्यापकांनी मान्य केला नाही. मग ‘चारित्र्य’ तपासणं, फोटो मागणं, मुलाखती घेणं अशा वाटांनी तेच काम दशक संपायच्या आत साधलं गेलं. आज ही पद्धत गरीब घरातल्या मुलाला हात द्यायलाही वापरली जाते, हेही खरं. पण कॉलेजने आत दिलेले गुण बाहेर कुणाला दिसत नाहीत, हा तिचा मूळ स्वभाव टिकून आहे.

तुमच्या कामाचं हत्यार म्हणजे कॉमन डेटा सेट. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ही पीडीएफ आपल्या संकेतस्थळावर टाकतात. कॉलेजचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ एवढं शोधलं की सापडते. ती पहिल्यापासून वाचू नका. ‘सी-७’ या तक्त्यात प्रत्येक निकषासमोर ‘अतिमहत्त्वाचा’पासून ‘विचारात नाही’पर्यंत खूण असते. माजी विद्यार्थ्यांशी नातं, अर्जदाराने दाखवलेला रस, राज्याचा रहिवास हे सगळं तिथे आहे. ‘सी-२’मध्ये वेटलिस्टवरच्या किती जणांना अखेर घेतलं ते कळतं, ‘सी-९’मध्ये एसएटीचे गुण, ‘सी-२१’मध्ये अर्ली डिसिजनचे (आधीच्या फेरीतले बांधील) अर्ज आणि होकार. एमआयटी, कॅलटेक, जॉन्स हॉपकिन्स, ॲमहर्स्ट आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची सगळी केंद्रं लेगसी बघत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खासगी कॉलेजांनाही लेगसी-देणगीच्या सवलतींची मनाई केली, ती सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. स्टॅनफर्डने मात्र लेगसी सोडण्याऐवजी राज्याकडून विद्यार्थ्यांसाठी येणारी मदत सोडली. किती किंमत देऊन हे दार उघडं ठेवतात, ते यावरून समजा.

प्रश्न : मी लातूरला अकरावी सायन्सला आहे. इंटिग्रेटेड क्लास लावलाय, कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला जातो. अमेरिकेत बीएसला अर्ज करायचा तर शिफारसपत्र कोण देणार? क्लासचे सर चालतील का? — एक विद्यार्थी

तुझा अर्ज गुणांपेक्षा इथेच अडण्याची शक्यता जास्त. निवडक कॉलेजं साधारणपणे शाळेच्या समुपदेशकाचं एक पत्र आणि अकरावी-बारावीत शिकवणाऱ्या दोन विषयशिक्षकांची पत्रं मागतात. क्लासच्या सरांचं पत्र जादाचं म्हणून जोडता येतं, शिक्षकाच्या पत्राची जागा ते घेऊ शकत नाही. आणि ज्या कॉलेजात तुला कुणी ओळखत नाही, तिथल्या पत्रात ‘विद्यार्थी हुशार व नियमित आहे’ याच्यापुढे काही लिहिलेलं नसतं. असं पत्र वाचणाऱ्याला दोन ओळींत कळतं.

म्हणून आत्तापासून दोन विषयांच्या तासांना बस. जमत नसेल तर निदान प्रॅक्टिकल घेणाऱ्या शिक्षकांकडे जास्तीचं काम माग: एखादा प्रयोग बिघडला तर का बिघडला ते लिहून दाखव, शंका विचार. बारावीच्या जून-जुलैत पत्राची विनंती कर आणि सोबत एक पान दे. त्यात कोणत्या धड्याला काय विचारलंस, कुठलं प्रोजेक्ट केलंस, कुठे चुकलास आणि मग काय केलंस हे लिही. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं ऐकायला मिळेल. ते करू नकोस. विद्यार्थ्याने लिहिलेलं शिफारसपत्र त्याच्याच निबंधासारखं वाजतं, दोन्ही शिक्षकांची पत्रं एकाच हातची दिसतात, आणि पकडलं गेलं तर अर्ज तिथेच संपतो. अर्जात ‘मी हे पत्र बघण्याचा हक्क सोडतो’ असा रकाना असतो. त्यावर खूण कर, नाहीतर पत्राचं वजन कमी होतं.

समुपदेशक तुझ्या कॉलेजात नसणारच. ते काम उपप्राचार्य किंवा प्राचार्य करू शकतात. पत्र लिहिणाऱ्याला कॉमन ॲपचं निमंत्रण ई-मेलने जातं, तो पत्ता शक्यतो कॉलेजचा असावा. कॉलेजचा ई-मेलच नसेल तर पत्र लेटरहेडवर, शिक्क्यासह आणि कॉलेजच्या फोन नंबरसह हवं. ‘स्कूल प्रोफाइल’ नावाचं एक-दोन पानी माहितीपत्रकही सोबत जातं: किती मुलं, कोणते विषय, गुणांची साधारण विभागणी काय. तुमच्याकडे ते नसेल तर उपप्राचार्यांना विनंती करून एक पान तयार करवून घे. कॉलेजात पहिला येणारा किती टक्क्यांवर असतो ते कळलं नाही, तर तुझ्या अकरावीच्या ८८ टक्क्यांचा अर्थ वाचणाऱ्याला लागत नाही.

गुण नववी ते बारावी चारही वर्षांचे लागतात. नववीचं प्रगतिपुस्तक आणि दहावीची गुणपत्रिका जुन्या शाळेकडून शिक्का मारून आत्ताच घेऊन ठेव, दिवाळीच्या सुट्टीत तिथे कुणी भेटत नाही. टक्क्यांचं जीपीए (अमेरिकेतली श्रेणीची सरासरी) करत बसू नकोस. मंडळाने दिले तसेच गुण लिहायचे.

प्रश्न : आमचं उत्पन्न नोकरीचं, वर्षाला २२ लाख. सगळे म्हणतात अर्ली डिसिजन भरा, शक्यता वाढते. भरावं का? — एक पालक, ठाणे

मदतीशिवाय परवडत नसेल तर हिशेब झाल्याशिवाय भरू नका. या कॉलेजांचा राहण्या-जेवण्यासह खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे.

अर्ली डिसिजन म्हणजे बांधील अर्ज. असा अर्ज एकाच कॉलेजला करता येतो, साधारण १ नोव्हेंबरपर्यंत. विद्यार्थी, पालक आणि समुपदेशक तिघेही सही करतात. होकार आला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. टक्का जास्त दिसतो हे खरं, पेनसिल्वेनिया विद्यापीठासारख्या ठिकाणी जवळपास निम्मा वर्ग याच फेरीत भरतो. पण त्या टक्क्यात खेळाडू आणि लेगसीही मिसळलेले असतात. शिवाय ही फेरी ज्याला चार कॉलेजांच्या मदतीची तुलना करायची गरज नाही, त्याच्या सोयीची आहे. मिळालेली मदत पुरत नसेल तर त्या कारणाने सुटका मागता येते, पण तोवर डिसेंबर उजाडलेला असतो आणि बाकीच्या अर्जांना दोन-तीन आठवडे उरतात. ‘अर्ली ॲक्शन’ची अंतिम तारीखही याच सुमाराची असते, पण ते बांधील नसतं. तुमच्यासाठी ते बरं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांच्या अर्ली ॲक्शनला मात्र अट आहे: दुसऱ्या खासगी कॉलेजला अर्ली अर्ज करता येत नाही.

आता खरी विभागणी. परदेशी मुलाने मदत मागितली तरी निर्णयावर परिणाम होत नाही, असं जाहीर करणारी कॉलेजं हातावर मोजण्याएवढी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अलीकडे ब्राउन, नोत्र दाम वगैरे. बाकी ठिकाणी मदतीच्या रकान्यातली खूण वाचली जाते आणि मोजली जाते. म्हणून कित्येक जण ‘आधी प्रवेश मिळवू, मग मागू’ म्हणून रकाना कोरा सोडतात. तिथेच फसतात. पहिल्या वर्षी मागितली नाही तर पुढच्या वर्षांत परदेशी विद्यार्थ्याला मदत देत नाही, असा अनेक कॉलेजांचा नियम आहे. कॉमन डेटा सेटमधला ‘एच-६’ तक्ता उघडा: परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना कॉलेजने स्वतःच्या पैशातून मदत दिली आणि सरासरी किती, हे दोन आकडे तिथे आहेत. संख्या चार-पाच असेल तर ते नाव यादीतून काढा, माहितीपत्रक कितीही देखणं असो.

मदतीसाठी बहुतेक खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा घरच्या पैशांचा तपशील देणारा फॉर्म मागतात: पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकी १६. सोबत आयकर विवरणपत्र, फॉर्म १६ आणि बँकेचे तपशील लागतात. वडिलोपार्जित जमीन सातबाऱ्यावर चार चुलत्यांच्या नावे असेल तर फॉर्मच्या चौकटीत ते मावत नाही. आपला हिस्सा किती, तो विकता का येत नाही आणि त्यातून वर्षाला किती मिळतं, हे एका पत्रात लिहून आर्थिक मदत कार्यालयाला पाठवा. घराची किंमतही रेडी रेकनरने काढली की बिल्डरच्या दराने, ते नमूद करा. गप्प राहिलात तर जमीन संपत्ती म्हणून मोजली जाते आणि मदत तेवढी घटते.

प्रश्न : एक सल्लागार ‘टॉप-२० गॅरंटी’ पॅकेज देतोय. त्यात एनजीओ काढून देणं आणि शोधनिबंध छापून आणणंही आहे. घ्यावं का? — कोल्हापूर

नाही. गॅरंटी देता येईल असं या प्रक्रियेत काहीही नाही. कायदेशीर तर नाहीच. २०१९ मध्ये अमेरिकेत रिक सिंगर या सल्लागाराचा घोटाळा उघड झाला. खोट्या खेळाडूंच्या नोंदी आणि एसएटीतले फेरफार विकून त्याने श्रीमंतांच्या मुलांना आत घातलं होतं. त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली आणि कित्येक पालकही तुरुंगात गेले.

अर्जात उपक्रमांचे दहा रकाने असतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. अकरावीत अचानक जन्मलेली एनजीओ तिथे लगेच ओळखू येते. कॉमन ॲपच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदारी’ आणि ‘पगारी काम’ हेही प्रकार आहेत, आपली मुलं ते भरतच नाहीत. वडिलांच्या दुकानाचे जीएसटीचे हिशेब रोज संध्याकाळी बघणं हा उपक्रम आहे. आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे खरे लिहा. निबंध एआयकडून लिहून घेतला तर कॉमन ॲप त्याला फसवणूक मानतं.

प्रश्न : मुलाला कॉम्प्युटर सायन्सच हवं. मोठं नाव मिळालं नाही तर अमेरिकेचा खर्च वाया जाईल का? आणि वेटलिस्टवर आला तर काय करायचं? — डोंबिवली

कॉम्प्युटर सायन्ससाठी कॉलेजचा एकूण टक्का बघणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. इलिनॉय विद्यापीठ अर्बाना-शँपेनमध्ये एकंदर प्रवेश ४० टक्क्यांच्या आसपास असतो, पण कॉम्प्युटर सायन्सचा टक्का एक आकडी आहे. ‘दुसऱ्या शाखेत शिरू, मग बदलू’ हा आपल्याकडचा हिशेब तिथे चालत नाही, त्या शाखेत नंतर बदली मिळणं जवळपास बंद आहे. म्हणून प्रत्येक कॉलेजला तीन गोष्टी विचारा: प्रवेश विद्यापीठात होतो की थेट शाखेत, शाखा बदलायला काय लागतं आणि शाखेचा वेगळा टक्का प्रसिद्ध केलाय का. संख्याशास्त्र किंवा भाषाशास्त्रासोबत कॉम्प्युटर सायन्स, अशा जोडशाखाही पाहा.

नावाच्या किमतीवर संशोधन आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी तोडीस तोड मुलांची तुलना केली, तेव्हा निवडक कॉलेजात गेल्याने सरासरी कमाईत फारसा फरक दिसला नाही. कमी शिकलेल्या पालकांच्या, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना मात्र फायदा झाला. चेट्टींच्या गटालाही सरासरी कमाईत मोठा फरक सापडला नाही, पण कमाईत सर्वांत वरच्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे दीडपट होते असं आढळलं. चांगली नोकरी हे ध्येय असेल तर सरकारी विद्यापीठ पुरे. त्यासाठी घर गहाण टाकून नाव विकत घेऊ नका. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने तर आपल्या सनदेतच लिहिलंय की आपलं मोजमाप कुणाला वगळलं यावरून नव्हे, कुणाला सामावून घेतलं यावरून व्हावं. ते बहुतेक अर्जदारांना घेतं आणि त्याच्या आत बॅरेट हे वेगळं ऑनर्स कॉलेजही आहे.

वेटलिस्टचं उत्तर लहान आहे. रांगेत राहायचंय असं पोर्टलवर कळवा, एक पानाचं पत्र पाठवा, त्यात डिसेंबरनंतरचे नवे गुण किंवा कामच लिहा, आधीची उजळणी नको. पालकांनी फोन करू नये. १ मेपर्यंत दुसऱ्या कॉलेजात अनामत भरून जागा पक्की करा. वेटलिस्टवरून बोलावणं आलं तर ती रक्कम बहुधा बुडते, ती आधीच खर्चात धरा. आणि होय म्हणण्याआधी मदत किती ते लेखी मागा, कारण वेटलिस्टची वेळ येईपर्यंत अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे पैसे संपलेले असतात.